तीन कारखान्यांची एक खतावणी

व्यापारी घराण्यांत पैशाचा हिशेब जितक्या काटेकोरपणे राखला जातो, तितक्या काटेकोरपणे विजेचा आणि इंधनाचा हिशेब क्वचितच राखला जातो. महिनाअखेर महावितरणचे देयक येते, मुनीम ते भरतात, रक्कम खर्चाच्या खाती पडते आणि विषय तेथेच संपतो. सुताच्या भावात किलोमागे आठ आण्यांचा फरक पडला तर ज्या पेढीवर अर्धा दिवस घासाघीस चालते, त्याच पेढीवर वर्षाकाठी लाखो रुपयांची वीज कोणत्या यंत्राने खाल्ली, हे कोणी विचारीत नाही. वीज डोळ्यांना दिसत नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, देयक हे करासारखे असते, ते भरावयाचे असते, त्याची झडती घ्यावयाची नसते, अशी एक समजूत दोन-तीन पिढ्यांपासून घट्ट रुजलेली आहे.

इचलकरंजीच्या एका एकत्र कुटुंबात ही समजूत मोडली. मोडताना आणखीही काही मोडते की काय, अशी वेळ आली होती. कुटुंबाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वाचकांपैकी अनेकांना आपल्याच घरातील माणसे त्यात ओळखू येतील.

घराण्याची सुरुवात सुताच्या दलालीपासून झाली. पुढे सायझिंगचा कारखाना निघाला. ताण्याच्या सुताला खळ देऊन, वाफेच्या सिलिंडरवर सुकवून, मागासाठी बीम तयार करण्याचा हा धंदा. इचलकरंजीत जोवर माग चालतात तोवर हा धंदा बंद पडत नाही, आणि त्यात फार मोठी बरकतही होत नाही. त्याच सायझिंगच्या मिळकतीतून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री उभी राहिली आणि फाउंड्रीच्या मालावर यंत्रकाम करण्यासाठी गोकुळ शिरगावला तिसरा कारखाना आला. आज घरातील वडीलधारे अण्णा ऐंशीच्या घरात आहेत. थोरला मुलगा फाउंड्री पाहतो, धाकटा यंत्रशाळा पाहतो, आणि सायझिंग अण्णांच्या दिवंगत भावाच्या मुलाकडे आहे. घरात त्याला कोणी पुतण्या म्हणत नाही. तिघे भाऊ असेच सगळे म्हणतात. तरीही सायझिंगची जुनी इमारत आणि शिरोलीची चकचकीत कचेरी यांतील अंतर कोणाला दिसत नव्हते, असे म्हणता येणार नाही.

निमित्त झाले ते पुण्याच्या एका ग्राहकाचे. त्याचा माल युरोपात जातो. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात होणाऱ्या लोखंड-पोलादाच्या मालामागे किती कार्बन हवेत गेला, याची माहिती मागण्यास सुरुवात केली, आणि तो प्रश्न ग्राहकाकडून पुरवठादाराकडे, तेथून त्याच्याही पुरवठादाराकडे असा खाली उतरत शिरोलीपर्यंत पोहोचला. ग्राहकाचे म्हणणे असे की, कंपनीच्या सर्व कारखान्यांत ऊर्जा व्यवस्थापनाची एकच पद्धत असावी आणि तिला आयएसओ ५०००१ या मानकाचे प्रमाणपत्र असावे. थोरल्याने हे पत्र प्रथम बाजूला ठेवले. दर्जाची, सुरक्षिततेची, पर्यावरणाची अशी प्रमाणपत्रे भिंतीवर होतीच. आणखी एक चौकट वाढेल, एवढेच त्याला वाटले. ते पत्र उचलून पूर्ण वाचले ते त्याच्या सुनेने.

ही नातसून सांगलीची, विद्युत अभियंता. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन ती लग्नापूर्वीच प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक झाली होती. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये हा ब्युरो १ मार्च २००२ रोजी स्थापन झाला; मोठ्या, भरपूर ऊर्जा वापरणाऱ्या उद्योगांना त्याच कायद्याखाली ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो. मध्यम कारखान्यांना तशी सक्ती नाही, म्हणून तिच्या त्या पदवीचे घरात कौतुक होते, उपयोग मात्र नव्हता. लग्नानंतर दोन वर्षे ती कचेरीत खरेदीची बिले तपासत होती. एखाद्या घरात हिऱ्याची पारख असलेल्या माणसाला किराणा मोजायला बसवावे, तसला हा प्रकार. आणि तो आपल्या घरांत सर्रास घडतो.

तिने अण्णांना समजावून सांगितले ते त्यांच्याच भाषेत. “अण्णा, रोजकीर्दीत नोंद पडल्याशिवाय खतावणी होत नाही, आणि खतावणीशिवाय तेरीज जुळत नाही. विजेची आपल्याकडे रोजकीर्दच नाही. वर्षअखेरीस नुसता एक आकडा असतो.” अण्णांनी विचारले, “मग हे मानक काय सांगते?” तिचे उत्तर थोडक्यात असे होते. २०११ मध्ये निघालेले आणि २०१८ मध्ये सुधारलेले हे मानक अमुक यंत्र घ्या, तमुक दिवा लावा, असे काहीच सांगत नाही. ऊर्जा कोठे जाते ते आधी शोधा. सर्वांत जास्त कोठे जाते ते ठरवा. आजची स्थिती आधाररेषा म्हणून लिहून ठेवा. मोजण्याचे माप ठरवा. आणि त्या मापाने सातत्याने सुधारणा होत आहे हे दाखवा. मालकाने धोरणावर सही करून बाजूला होण्यास मात्र त्यात वाव नाही. पैसा, माणसे आणि अधिकार देण्याची जबाबदारी सर्वांत वरच्या माणसावरच टाकलेली आहे.

अण्णांनी होकार दिला. तिन्ही कारखान्यांसाठी एकच मध्यवर्ती कक्ष नेमला गेला आणि तो सुनेकडे आला. सासऱ्यांच्या आणि दोन काकांच्या कारखान्यांत जाऊन नोंदवह्या मागण्याचा अधिकार घरातील सर्वांत तरुण सुनेला मिळाला, हा निर्णय विजेच्या मीटरांपेक्षा अधिक अवघड होता.

पहिले सहा महिने केवळ मोजण्यात गेले. फाउंड्रीतील भट्टीला, तिच्या थंड पाण्याच्या पंपांना आणि वाळूच्या यंत्रांना वेगवेगळे मीटर बसले. यंत्रशाळेत कॉम्प्रेसरना स्वतंत्र मीटर लागले. याचा पहिला धक्का महावीर जयंतीला बसला. त्या दिवशी तिन्ही कारखाने पूर्ण बंद असतात. पहारेकऱ्याखेरीज आत कोणी नसते. उत्पादन शून्य, तेव्हा वीजही जवळजवळ शून्य असावी. दुसऱ्या दिवशी यंत्रशाळेच्या मीटरचे आकडे पाहिले तर चालू दिवसाच्या सुमारे एकचतुर्थांश वीज त्या सुट्टीच्या दिवशीही खर्च झालेली होती. एक कॉम्प्रेसर कोणी बंदच केला नव्हता. तो रात्रंदिवस चालून नळ्यांतील गळती तेवढी भरून काढीत होता.

यंत्रशाळेतील दाबाखालची हवा ही सर्वांत महाग ऊर्जा असते, हे फार थोड्या कारखानदारांच्या ध्यानात येते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी बहुतांश उष्णता होऊन जाते; अवजारापर्यंत उपयोगी काम म्हणून पोहोचतो तो जेमतेम दहावा हिस्सा. सात बार दाबाच्या नळीला तीन मिलिमीटरचे एक छिद्र असेल, तर त्यातून निसटणाऱ्या हवेसाठी सुमारे तीन किलोवॅट वीज अखंड लागते. लक्ष न दिलेल्या कारखान्यात एकूण हवेच्या वीस ते तीस टक्के हवा अशीच वाया जाणे ही नवलाची गोष्ट नाही. धाकट्याने रविवारी दुपारी, सगळे शांत असताना, साबणाचे पाणी घेऊन सांधे तपासले. नळी लांबलेल्या जागी कोणी तरी चिंधी बांधून ठेवली होती. हवा त्या चिंधीला फडफडवीत बाहेर येत होती. पुढे गळती बंद झाल्यावर दाबही एका बारने उतरविता आला. एक बार दाब कमी केला की सहा-सात टक्के वीज वाचते. या साऱ्या कामाला लागले ते काही सांधे, काही नळ्या आणि चार रविवार. धाकट्याचा उत्साह तेथून असा वाढला, की तो इतरांच्या कारखान्यांवर बोलू लागला.

फाउंड्रीचे प्रकरण वेगळे होते. थोरल्याने आजवर एकच माप मानले होते: टनामागे किती युनिट. इंडक्शन भट्टीत एक टन ओतीव लोखंड वितळविण्यास साधारण साडेपाचशे ते सहाशे युनिटे लागतात. कारभार ढिला असेल तर आकडा सातशेच्याही पुढे जातो. एका महिन्यात मागणी घटली, भट्टी निम्मीच चालली आणि टनामागचा आकडा एकदम चढला. धाकट्याने जेवताना टोमणा मारला. थोरला काही बोलला नाही, पण रात्री त्याने सुनेला विचारले, “या महिन्यात माझ्या माणसांनी असे काय चुकवले?”

तिने दोन वर्षांचे दर महिन्याचे उत्पादन आणि वीज कागदावर ठिपक्यांनी मांडून दाखविली. ठिपके एका तिरक्या रेषेच्या आसपास बसले. पण ती रेषा शून्यापासून निघत नव्हती. एकही टन न वितळविता जी वीज लागते, ती त्या रेषेच्या पायथ्याशी उभी होती: पंप, शीतकरणाचे मनोरे, दिवे, गरम ठेवलेली भट्टी. उत्पादन घटले की हा स्थिर खर्च थोड्या टनांवर वाटला जातो आणि टनामागचा आकडा वाढतो. दुकान चालो न चालो, भाडे लागतेच, हे ज्याला कळते त्याला हे कळण्यास वेळ लागत नाही. “बाबा, या महिन्याचा ठिपका रेषेच्या खाली आहे. तुमच्या माणसांनी चांगलेच काम केले आहे,” असे ती म्हणाली. त्या दिवसापासून थोरला या कामात मनाने उतरला.

मग फाउंड्रीत खरे दोष दिसू लागले. लोखंड तयार झाले तरी साचे तयार नसत. भट्टी अर्धा अर्धा तास झाकणाविना तापत राही आणि चौदाशे-पंधराशे अंशांवरचे ते लोखंड आपली उष्णता छपराला देत बसे. रनर आणि रायझर पुन्हा वितळविताना त्यांना चिकटलेली वाळू तशीच भट्टीत जाई. त्या वाळूलाही वितळविण्याची वीज लागे आणि शेवटी ती मळी होऊन बाहेर फेकली जाई. सर्वांत मोठी गळती मात्र मीटरवर दिसणारी नव्हतीच. तपासणीत नाकारले गेलेले प्रत्येक कास्टिंग म्हणजे दोनदा वितळविलेले लोखंड. म्हणून ऊर्जेच्या बैठकीला दर्जा-विभागाचा प्रमुख बसू लागला. ही एक गोष्ट जरी इतर फाउंड्रीवाल्यांनी उचलली, तरी पुष्कळ झाले.

आणखी एक शिस्त सुनेने पहिल्यापासून पाळली: एका कारखान्याची दुसऱ्याशी तुलना करावयाची नाही. टनभर लोखंड, हजार सुटे भाग आणि किलोभर खळ दिलेले सूत यांना एका तराजूत घालता येत नाही. प्रत्येकाची स्पर्धा स्वतःच्या आधाररेषेशी. कागदावर हे सर्वांना मान्य होते. जेवणाच्या पंगतीत ते पाळले जात नसे.

सायझिंगबद्दल बैठकीत फारसे बोलणे होत नसे. तेथून येणारे आकडे वेळेवर येत, नीटनेटके येत, आणि सरासरीच्या इतके जवळ असत की कोणाचे लक्षही जाऊ नये. बाहेरचे परीक्षक आले तेव्हा त्यांनी निवडलेल्या जागांत सायझिंगही होते. बॉयलरखान्यात त्यांनी इंधनाची नोंदवही पाहिली, दोन-तीन पाने उलटली आणि शांतपणे विचारले की, तीन पाळ्यांतील तीन माणसांचे अक्षर एकच कसे? शाई एक, अक्षर एक, आणि महिनाभराचे आकडे एका ओळीत रचल्यासारखे. इंधन मोजण्याची सोयच तेथे नव्हती. बगॅसची गाडी वजनकाट्यावरून येई तेवढेच वजन माहीत. रोज किती जळाले ते डोळ्यांच्या अंदाजाने महिनाअखेर एकदम लिहिले जाई.

ही त्रुटी मोठ्या प्रकारात मोडली. अनेक कारखान्यांसाठी जेव्हा एकच प्रमाणपत्र मागितले जाते, तेव्हा नियम कडक असतात. एका ठिकाणची त्रुटी दूर होईपर्यंत सर्वांचेच प्रमाणपत्र थांबते. अडचणीचा कारखाना मध्येच यादीतून वगळून उरलेल्यांचे काम उरकून घेण्यासही मनाई असते.

हा दुसरा नियम माहीत नसल्याने धाकटा त्याच संध्याकाळी म्हणाला की, सायझिंग बाजूला काढावे. ग्राहकाला लोखंडाशी काम आहे, सुताशी नाही. मुद्दा व्यवहाराचा होता. थोरला गप्प राहिला, म्हणजे त्याचीही संमतीच होती. सायझिंग पाहणारा भाऊ तेथेच बसलेला होता. सुनेने नियम सांगितला, तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढे बोलला तो हा भाऊच. “वही मीच लिहिली,” तो म्हणाला. “दोन वर्षांपूर्वी इंधनाचा वजनकाटा मागितला होता, भट्टीचे पॅनेल आले. त्याआधी सिलिंडरचे गरम पाणी परत आणण्याची टाकी मागितली होती, तेव्हा गोकुळ शिरगावची यंत्रे आली. शिफ्टला एक माणूस आहे. तो बॉयलर सांभाळील की वजन करील? आकडे मागितले जात होते, म्हणून आकडे दिले.”

खोटी नोंद ती खोटीच. त्याचे समर्थन त्यानेही केले नाही. पण अण्णांनी दुसऱ्या दिवशी मुनिमांकडून गेल्या वीस वर्षांची भांडवली खर्चाची खाती काढून घेतली. कोणत्या कारखान्याने किती मिळविले आणि कोणावर किती लावले गेले, हे त्यांनी स्वतःच्या हाताने एका कागदावर उतरविले. तो कागद त्यांनी कोणाला वाचून दाखविला नाही. फक्त तो जेवणघराच्या मेजावर दोन दिवस तसाच ठेवला होता. घरातील प्रत्येकाने तो एकटा असताना वाचला असावा.

त्यानंतर अण्णा सुनेला घेऊन सायझिंगवर गेले. सुकवणीच्या सिलिंडरांत वाफेचे पाणी होते, आणि ते उकळीच्या जवळचे पाणी सरळ गटारात सोडले जात होते. बॉयलरला मात्र विहिरीचे थंड पाणी दिले जात होते. बॉयलरच्या पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढविले की सुमारे एक टक्का इंधन वाचते, हा साधा हिशेब आहे. खळ शिजविताना जी वाफ थेट खळीत जाते ती परत मिळत नाही. पण सिलिंडरांतील पाणी स्वच्छ असते, ते टाकीत गोळा करून परत देता येते. अण्णांनी गटारावर वाफ निघताना पाहिली. ते एवढेच म्हणाले, “हे माझ्या लहानपणापासून असेच वाहते आहे.” लहानपणी हिवाळ्यात शेजारच्या बायका त्या गटारातून गरम पाणी बादलीने नेत असत, ही आठवणही त्यांनी सांगितली.

त्या वर्षी फाउंड्रीसाठी दुसऱ्या भट्टीचे पैसे राखून ठेवलेले होते. त्यांतील एक भाग सायझिंगकडे वळला: परतीच्या पाण्याची टाकी, पंप, नळ्यांवरील उष्णतारोधक आवरण, नवे स्टीम ट्रॅप, इंधनाचा वजनकाटा, आणि पाळीला आणखी एक माणूस. थोरल्याने विरोध केला आणि त्याचे म्हणणे पोकळ नव्हते. नवी भट्टी आली असती तर मागणी पुरी करता आली असती, ग्राहक टिकला असता, आणि ग्राहकासाठीच तर हा सारा खटाटोप होता. अण्णांनी त्याचे सर्व ऐकून घेतले. “तुझे खरे आहे. भट्टी पुढच्या वर्षी,” असे म्हणून त्यांनी विषय मिटविला, आणि धोरणाच्या कागदावरची आपली सही दाखविली.

तीन महिन्यांनी परीक्षक पुन्हा आले. वहीत आता तीन अक्षरे होती. एक फार वाईट, एक तेलकट बोटांच्या डागांचे. काही आकडे खोडून पुन्हा लिहिलेले होते आणि त्यांवर सह्या होत्या. इंधन आधाररेषेच्या खाली आले होते. बॉयलरला जाणारे पाणी हाताला सोसवत नव्हते. त्रुटी मिटली, आणि तिन्ही कारखान्यांचे प्रमाणपत्र एकत्रच आले. सायझिंगवाल्या भावाने त्याची प्रत भिंतीवर लावली नाही, वजनकाट्याची पावती मात्र चौकटीत लावली. धाकटा आता दर महिन्याच्या बैठकीला इचलकरंजीला येतो आणि वाफेच्या नळ्यांना कान लावून ट्रॅप तपासण्याचे काम शिकला आहे.

दुसरी भट्टी अजून आलेली नाही. रात्रीच्या जेवणाला थोरला तिचा विषय अधूनमधून काढतो, आणि अण्णा त्याला दर वेळी पुढच्या मार्चचा ताळेबंद होऊ दे, असे सांगतात.